कॉन म्हंजी संगं

पवळ्याला पान लागलं आन् आमची बैलजोडी मोडली. साप कुणी बघितला नाय, पर सकाळी गोठ्यात बैल आडवा, तोंडाला फेस, पाय ताठ. आशाबाईनं, म्हंजी माझ्या सासूनं, ऊर बडवून घेतला. मी शेणाची पाटी हातात घेऊन उभीच्या उभी. आन् आमच्या घरचे, माझे मालक? ते दारात थांबून म्हणले, "आता?"

एवढंच. त्यांना काय सुचलं नाय की ते "आता?" म्हणायचे, आन् मंग त्याचं उत्तर सगळ्या घरानं शोधायचं.

मिरीग निघून गेला व्हता. पेरणीजोगा वापसा झाला व्हता, शेंद्र्याच्या शिवारात ज्याच्या त्याच्या तिफणी चालल्या व्हत्या. आमच्याकडं उरला एकटा मोऱ्या, आन् एका बैलावर तिफण चालत नाय. त्यात मोऱ्या उजव्या अंगाचा. लहानपणापासून उजवीकडं जुंपलेला. पवळ्या गेल्यावर अख्खा गोठा मोकळा पडला, तरी हा आपला उजव्या भिंतीला खेटून उभा, डाव्या अंगाला पवळ्याची जागा सोडून. मी ढकलून बघितलं. कडबा मुद्दाम तिकडं टाकून बघितला. मान लांबवून खाल्ला त्यानं, पर पाय काही तिकडं टाकला नाय.

त्या दिशी दुपारी चांदपाशा मास्तर आले. शाळेतून रिटायर झालेले. आमच्या बांधाला बांध त्यांचा. त्यांच्याकडंबी एकच बैल, नवाब नावाचा. आन् नवाब म्हंजी खराच नवाब, उंच, मान वर, चालला तर जसा काय वरातीत निघाला. मास्तर ओट्यावर टेकले, टोपी काढून डोकं पुसलं आन् म्हणले, "आशाबाई, रोने से क्या होता? सावड करू. माझा नवाब, तुमचा मोऱ्या. आधी तुमचं रान पेरू, मंग माझं. माणसं बी दोन्हीकडची."

सासूबाईनं डोळे पुसले. "नवाब कोणत्या अंगाचा वो मास्तर?"

"डाव्या."

तव्हा कुठं त्यांना हुंदका आवरला.

आता आमच्या घरच्यांचं दुखणं सांगते. त्यांचं दुखणं म्हंजी इंग्रजी. बाकी सगळे विषय निघाले, पर दहावीचा इंग्रजीचा पेपर दोनदा गेला. गावातले लोक लई वाईट. पारावरून हे चालले की कुणीतरी म्हणायचं, "सरका रे, इंग्रज आला." हे मान खाली घालून यायचे आन् माझ्यावर चिडायचे. भाकर कडक कामून झाली, कालवणात मीठ कामून नाय. मला कळायचं की राग मिठाचा नाय. मी गपचिप मीठ आणून द्यायचे.

मास्तरांचंबी एक दुखणं व्हतंच. पोलीस ॲक्शन झाली तव्हा ते नवेनवे नोकरीला लागलेले. शाळा उर्दूची मराठी झाली. मास्तरांना मराठी बोलता यायचं, पर फळ्यावर लिहायला गेले की पोरं हसायची. मंग हेडमास्तरानं त्यांना इंग्रजीवर टाकलं. "माझी जबान गेली बेटी," ते मला एकदा म्हणले व्हते, "तो मैं शब्दों की जड़ में जाके बैठ गया." छावणीतल्या एका पाद्र्यानं त्यांना लातीन शिकवलं व्हतं. ही कुठली तरी जुनी, मेलेली भाषा. बोलणारं कुणी उरलं नाय, पर म्हणं इंग्रजीची निम्मी मुळं तिच्यात.

पेरणीच्या पहिल्या सकाळी जू बसंना. नवाब उंच, मोऱ्या ठेंगणा. जू आपलं मोऱ्याकडं कललं. मास्तरांनी शिवळा, म्हंजी जुवाच्या खुंट्या, काढून दुसऱ्या भोकात घातल्या, गळ्याची जोती आखडली, आन् काम करता करता ह्यांना विचारलं, "बद्री, ह्याला काय म्हणतात?"

"कशाला? जू."

"लातीनमधे जुगुम."

हे बघत राह्यले. "जू?"

"जुगुम. जू. एकच घर आहे रे दोघांचं. आता सांग, मनमाड काय आहे?"

"गाव."

"गाव नाय गधड्या. स्टेशनवर पाटी काय आहे? मनमाड जंक्शन. जंक्शन म्हंजी? दोन रूळ जिथं एका जुवाखाली येतात. हौ की नक्को?"

आमच्या घरच्यांच्या तोंडावर मी लग्नापासून असं काय बघितलं नव्हतं. अंधाऱ्या घरात कुणी कौल सरकवावं तसं तोंड झालं. तिथंच उभं राहून ते म्हणत राह्यले, "जंक्शन. जू. जंक्शन." नवाबानं शेपटीचा फटका हाणला तव्हा भानावर आले.

तिथून पुढं आमची तिफण म्हंजी शाळाच झाली. मास्तर बैलांच्या म्होरं, हे तिफणीला, आन् मी चाड्यावर मूठ धरलेली. चाडं म्हंजी तिफणीचं लाकडी नरसाळं. त्यात बाजरी सोडायची, ती नळीतून तासात, म्हंजी फणानं काढलेल्या रेघेत, पडती. मूठ सारखी सुटली पाहिजे. ना दाट, ना पातळ. हाताचं ध्यान बाजरीवर, कानाचं मास्तरांवर.

"पेड म्हंजी पद. पाय. सायकलचं पायडल. डेंट म्हंजी दंत. डेंटिस्ट. पोर्ट म्हंजी वाहून नेणं. पोर्टर कोण?"

"हमाल," हे म्हणायचे.

"शाबास. स्पेक्ट म्हंजी बघणं. इन म्हंजी आत. तर इन्स्पेक्टर?"

"आत बघणारा."

मी मधीच बोलले, "आपल्या चौकीचा तर खिशात बघतो."

मास्तर असे हसले, असे हसले, की नवाब बिचकला. "देख्या बद्री? तुझी बीबी पास झाली!" हे पण हसले. माझ्याकडं बघून हसले. खोटं कशाला बोलू, मला त्या हसण्याची चटक लागली. मंग मी मुद्दाम शब्द ध्यानात ठिवायला लागले. निंदायला गेले की तोंडात तेच. आमच्या रानात हरळी लई. हितं उपटली की पल्ल्याडच्या वाफ्यात निघती, कारण मूळ खालून एकच. मला वाटायचं, अगं बया, ही इंग्रजी बी हरळीच निघाली की. साळंत न गेलेल्या बाईला हे कळलं ह्याचं मला लई नवल वाटायचं, आन् सांगावं कुणाला? मंग ह्यांनाच सांगायची.

दिवस मावळताना बैलांना पाणी दाखवायचं. मी बादली ओढायची आन् हे विचारायचे.

"सब?"

"खाली."

"सबजुगेट?"

"जुवाखाली घालणं. गुलाम करणं."

"तुला येतं आन् मला येत नाय," ते म्हणायचे, पर त्यात राग नसायचा. "सरू, तूच दे माझा पेपर." आन् माझ्या हातातली बादली काढून घ्यायचे. त्या आधी त्यांनी कव्हा माझ्या हातातलं काम घेतलं नव्हतं. त्या पेरणीइतकी सुखात मी आधी कव्हा नव्हते आन् नंतर बी नाय.

तासाच्या टोकाला बैल वळवायचे तव्हा मास्तर म्हणायचे, "व्हर्ट म्हंजी वळणं. री म्हंजी मागं. यष्टीचा कंडक्टर घंटी मारून काय ओरडतो?"

"रिव्हर्स!"

"आन् दोघं दोन दिशेला वळले, की डायव्होर्स. मियाँ इकडं, बीबी तिकडं. जाने दो, हा शब्द परीक्षेला येत नाय."

ह्यांच्या खिशात पाठ करायच्या शब्दांचं चिटोरं असायचं. एक दिवस ऐन तासात त्यांनी ते काढलं. "मास्तर, कॉन्जुगल म्हंजी काय?"

मास्तर थांबले. बिडी पेटवली. आभाळाकडं बघितलं, नवाबाकडं बघितलं, माझ्याकडं तेवढं नाय बघितलं. "जुग तर तुला मालूम."

"जू."

"कॉन म्हंजी संगं. संगं जुंपलेले. नवराबायकोच्या नात्याला म्हणतात रे. समझ तू. चलो, पुढचा शब्द."

हे मागं वळले आन् माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "कॉन म्हंजी संगं." माझी मूठ सुटली. ओंजळभर बाजरी एकाच जागी गेली. पुढं ती उगवली तर अशी दाट, की सासूबाई म्हणल्या, "हितं कुणाचा हात सुटला गं?" मी तोंडाला पदर लावला. ते बाजरीचं बेट मी कुणाला विरळू दिलं नाय.

हिवाळ्याच्या तोंडाला तिसऱ्या खेपेचा निकाल लागला आन् हे पास झाले. मास्तरांच्या बायकोनं, जहांआरा खालानं, शेवया केल्या. मास्तर ह्यांना छातीशी धरून रडले. "जड़ पकड्या ना तू, जड़!" पारावर त्या दिशी कुणी इंग्रज म्हणलं नाय.

मंग शहरात, एका कंपनीच्या स्टोअरमधे, ह्यांना नोकरी लागली. कोणत्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. पुंडलिकनगरला खोली केली. जाताना म्हणले, "जरा बस्तान बसू दे, मंग तुला नेतो." मी बरं म्हणलं. आधी दर शनिवारी यायचे. मंग पोळ्याला. मंग सासूबाई गेल्या तव्हा. सुतक फिटलं आन् दुसऱ्या सकाळी पहिल्या यष्टीनं परत. मी म्हणलं, "आता मला न्या. हितं कोण हाये माझं?" तर म्हणले, "रान कोण बघंल?"

रान मीच बघितलं. मास्तरांची सावड व्हतीच. ते म्होरं, आन् मी तिफणीला. बाईनं तिफण हाणलेली आमच्याकडं चालत नाय. माणसं बांधावर थांबून बघायची. एक म्हातारा म्हणला, "पाऊस कसा पडंल आता!" पडला की. सगळ्यांच्या रानात पडला. पर मला पाठीवर त्यांची नजर लागायची, आन् टोकाला वळताना पदर सावरू का तिफण सावरू असं व्हायचं. चाड्यावर मूठ खाला धरायच्या. मागून "कॉन म्हंजी संगं" म्हणणारं कुणी नव्हतं.

पुढं वाट बघून बघून एक दिवस मीच गेले. ताज्या बाजरीचं पीठ घेतलं, ठेचा घेतला, नवं लुगडं नेसले. पुंडलिकनगरला विचारत विचारत खोली काढली. हे दारातच व्हते, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला बघून तोंड उतरलं. शेजारची बाई, कालिंदीबाई त्यांचं नाव, तुळशीला पाणी घालत व्हत्या. त्यांनी हसून विचारलं, "पाहुण्या का? कोण ह्या?"

आन् हे म्हणले, "गावाकडच्या आहेत."

आहेत.

मला आजवर "ही" म्हणलं, "अगं" म्हणलं, रागात "ए" म्हणलं. ते सगळं मला चाललं असतं. "गावाकडची आहे" म्हणले असते तरी मी गिळलं असतं. पर "आहेत"? असं तर परक्या बाईला म्हणतात. एवढा मान देऊन मला कुणी असं उंबऱ्याबाहेर काढलं नव्हतं.

कालिंदीबाईनं मला चहा दिला, कपबशीत, दोनदा विचारून दिला. बाई चांगली व्हती. मी चहा प्याले, पिठाचं गाठोडं खोलीत ठिवलं. खाट एकट्याची. भिंतीला मोठा आरसा. हे म्हणले, "सांजच्या यष्टीनं जाशील ना?" मी म्हणलं, "जाते." स्टँडपर्यंत ते माझ्या म्होरं चालले, आन् चांगले लांब चालले.

हे माझ्या भावाला, कारभारीला, कळलं तर तो पेटला. "नांदवीत नाय म्हंजी काय? कोर्टात खेचू." मला ओढूनच एका वकिलाकडं नेलं. मधुसूदन वकील. चष्मा नाकावर, बोलणं मऊ. त्यांनी विचारलं, "पतीचं नाव?"

आता आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. तेही लाजत. वकिलांनी परत विचारलं. त्यांचा कारकून लेखणी धरून थांबलेला, माझ्याकडं बघून गालात हसला. शेवटी कारभारी म्हणला, "बद्रीनाथ पुंजाराम." माझे कान तापले.

"दोन मार्ग आहेत, बाई," वकील म्हणले. "एक, नवऱ्यानं तुम्हांला नांदवावं म्हणून दावा. रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स. दुसरा, डायव्होर्स. घटस्फोट."

कारभारी पुढं बरंच काय विचारत व्हता. मला काय ऐकू आलं नाय. कॉन्जुगल. ह्या खुर्चीत, ह्या पंख्याखाली, हे शब्द माझ्या म्होरं आले, जसं बाजारात आपल्याच गोठ्यातलं वासरू दुसऱ्याच्या दावणीला दिसावं. मी डोळ्याला पदर लावला. वकिलांना वाटलं बाई घाबरली. "घाबरू नका. पहिला मार्ग घेऊ. कोर्ट त्यांना तुमच्याबरोबर राहायला सांगेल."

"सांगंल?" मी म्हणलं.

"हुकूम देईल."

मी हो म्हणले. कामून नाय म्हणू? मला तेच पाह्यजे व्हतं. मला माझा माणूस पाह्यजे व्हता. कोर्ट देत असंल तर कोर्टाकडून, देव देत असंल तर देवाकडून. तारीख येईस्तोवर मी घर सारवलं, चुलीला नवं पोतेरं दिलं, खाटेची सुंभं आवळून घेतली. मास्तरांना सांगितलं तर ते नवाबाची पाठ चोळत बसले.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकडं व्हतं. वकील आत गेले, कारभारी पानाला गेला. हे आले आन् बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. केस कानाजवळ पिकले व्हते. शर्टाचं एक बटण तुटलेलं, तिथं टाचणी. मला ती टाचणी बघवंना. माझा हात उठत व्हता, मी त्याला मांडीखाली दाबून बसले.

मंग ते हळू म्हणले, "सरू, मला जमत नाय गं. गाव आलं की मला परत तेच, इंग्रज आला, इंग्रज आला. आन् तू आलीस की तुझ्यासंगं गाव येतं. तुझं काय चुकलं नाय."

"तिथं दुसरी कुणी हाये का?"

"नाय. देवाशपथ."

दुसरी असती तर बरं झालं असतं, तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. आता धरू काय?

मी विचारलं, "कॉन म्हंजी काय वो?"

ते दचकले. माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं, मी बघितलं.

"संगं," ते म्हणले.

"आन् जुग?"

ते समोरच्या भिंतीकडं बघत राह्यले. त्यांच्या मानंकडं माझं ध्यान गेलं. ती अशी आखडलेली, जशी नवाबाची पहिल्या दिवशी, ठेंगण्या बैलासंगं जुंपला तव्हा. मास्तरांनी शिवळा बदलल्या, जोती आखडली, म्हणून तो चालला. कोर्टाकडं कुठल्या शिवळा? ते नुसतं जू मानंवर ठिवणार, आन् हा माणूस रोज सकाळी माझ्याकडं असाच बघणार, भिंतीकडं बघावं तसा.

आतून शिपाई ओरडला, "बद्रीनाथ पुंजाराम! सरूबाई बद्रीनाथ!"

आमची नावं एका दमात, एका पाठोपाठ एक. मला ते ऐकून एक घडी लई बरं वाटलं. मंग मी उठले. मी म्हणलं, "बद्रीनाथ."

जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर त्यांचं नाव घेतलं. ते चमकून उभे राह्यले.

"बद्रीनाथ, जावा तुमी. मी दावा काढून घेते."

"आन् मंग... दुसरा?"

"दुसराबी नाय. वळायचं तर तुमी वळा. माझं तास सरळ हाये."

वकील चिडले. कारभारी तर तिथंच माझ्यावर हात उगारून आला. यष्टीत तो माझ्याशी बोलला नाय, आन् पुढंबी कितीतरी दिवस बोलला नाय. शहर मागं पडून उन्हात तिफणी दिसायला लागल्या तव्हा मला रडू फुटलं आन् मी पदर तोंडात कोंबून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर बैल घेऊन आले. त्यांचे हात तव्हा थरथरायला लागले व्हते, जोती मीच बांधली. "क्या बोल्या कोर्ट?" त्यांनी विचारलं.

"मीच नको म्हणलं."

ते खाली बसले. "गलती मेरी, बेटी. मी त्याला शब्द दिले आन् तो शब्दावर बसून गेला."

"आसं नका म्हणू मास्तर," मी म्हणलं. "त्या शब्दांबिगर माझ्याकडं त्यांचं दुसरं हाये काय?"

मास्तर आता नाय. नवाब नाय, मोऱ्या बी नाय. आमच्या रानाच्या शिवेपस्तोर कंपन्या आल्या, भोंगा वाजला की माझी म्हैस पान्हवती. कारभारीची नात साळंला माझ्याकडं ऱ्हाती. पोरगी इंग्रजी पाठ करती. मी कांदा चिरता चिरता म्हणते, "ट्रान्सपोर्ट? पोर्ट म्हंजी वाहणं, आन् पुढचं म्हंजी पल्याड." पोरगी म्हणती, "आत्याआजी, तुला कुणी शिकवलं?" मी म्हणते, "सावडीत शिकले."

कालच्याला जेवायला बसलो. चुलीपुढं जागा केवढीशी. पोरगी ताट घेऊन उभी आन् म्हणती, "आत्याआजी, तू अशी भिंतीला खेटून कामून बसतीस? तिकडं एवढी जागा मोकळी हाये, सरक की."

मी बघितलं तर खरंच. माझं उजवं अंग भिंतीला टेकलेलं, आन् डावीकडं एका माणसाची जागा मोकळी.

"तू म्होरं बस, बाई," मी म्हणलं. "तिकडं ऱ्हाऊ दे."